सामाईक साधनसंपत्ती

सामाईक साधनसंपत्ती : गायरान, जंगल, नदीचे किंवा जमिनीखालचे पाणी, समुद्रातली मासळी अशी संपत्ती, जिच्यापासून कोणाला अडवणे कठीण असते, पण एकाने जेवढी घेतली तेवढी ती इतरांसाठी कमी होते. जे सगळ्यांचे आहे ते माणसे ओरबाडून संपवतात की सांभाळतात, हा तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या दोघांचाही जुना प्रश्न. त्याचे उत्तर माणसाच्या स्वभावात शोधायचे की त्याच्या भोवतीच्या नियमांत, यावर खरा वाद आहे.

जी वस्तू जास्तीत जास्त लोकांच्या मालकीची, तिची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, असे अॅरिस्टॉटलने लिहून ठेवले. अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने म्हटले की, दोन शेजारी मिळून सामाईक कुरणात साचलेले पाणी काढून टाकतील, पण हजार जणांचे तसे जमणार नाही. प्रत्येकजण कष्ट आणि खर्च दुसऱ्यावर ढकलायला बघेल. हाच विचार 1968 मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात अतिशय टोकदारपणे मांडला. मोकळ्या कुरणात आणखी एक जनावर सोडले की फायदा पूर्ण त्या गुराख्याचा, झीज मात्र सगळ्यांत वाटली जाणार. मग प्रत्येक शहाणा गुराखी जनावरे वाढवत जाणार आणि कुरण उजाड होणार. यावर सरकारी ताबा किंवा खासगी मालकी हेच उपाय उरतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि जगभरच्या धोरणांवर त्याची छाप पडली.

हार्डिनचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना गाव नाही, पंच नाहीत, उद्या पुन्हा तोंड दाखवायचे आहे ही लाजही नाही. प्रत्यक्षातली सामाईक कुरणे अशी बेवारस क्वचितच होती. इंग्लंडमध्येसुद्धा कोणी किती जनावरे सोडायची याला अनेक ठिकाणी मर्यादा होती. आपण ‘व्यवस्थापन नसलेल्या’ कुरणाविषयी बोलत होतो, हे विशेषण गाळणे ही आपली मोठी चूक होती, असे हार्डिनने 1998 मध्ये मान्य केले.

हार्डिनच्या मांडणीला सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दिले, आणि ते तर्कातून नव्हे, गावोगावच्या नोंदींतून दिले. स्वित्झर्लंडमधील टर्बेल गावात 1517 च्या नियमानुसार हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जगवता येतील तेवढ्याच गायी डोंगरावरच्या कुरणात नेता येत. स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाणी न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसून कालव्यांचे तंटे तोंडी निकालात काढते. हक्कदार कोण हे ठरलेले असावे, ज्यांना नियम पाळायचे त्यांनीच ते करावेत, राखणदार आपलाच असावा, पहिल्या गुन्ह्याला दंड हलका असावा, आणि सरकारने यात मोडता घालू नये, अशी लक्षणे त्यांनी टिकलेल्या व्यवस्थांत शोधली. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

महाराष्ट्राला हे उत्तर नवे नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत काही शतके चालली. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचे आणि बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे. एका फडात एकच पीक. ऊस, बारमाही, भुसार यांची पाळी फिरत राहायची. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ थोडीथोडी सगळ्यांनाच लागायची. माणसाने निःस्वार्थी व्हावे अशी अपेक्षा इथे नाही. प्रत्येकाचा स्वार्थच सगळ्या फडांत पेरून ठेवला आहे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकावर नजर जागल्याची. शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही.

मात्र गावकी म्हणजे न्याय, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गोव्यातील गावकाऱ्यांनी, म्हणजे कोमुनिदाद या गावसंस्थांनी, शेते आणि बांध सामाईकपणे सांभाळले. त्यांच्या रूढी पोर्तुगीजांनी 1526 च्या सनदेत नोंदवून घेतल्या. पण हक्क मूळ गावकर घराण्यांतील पुरुषांकडेच राहिला. नियम करणाऱ्यांत कोण बसतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर उभे करतात, हे विचारल्याशिवाय कोणत्याही सामाईक व्यवस्थेचे कौतुक पुरे होत नाही.

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976) हा चित्रपट हाच प्रश्न विचारतो. पटकथा विजय तेंडुलकरांची. गावात दूध सोसायटी येते, पण तिच्या निवडणुकीत दलित उमेदवार जिंकतो आणि सरपंचाचा अभिमान दुखावतो. दुधाचा भाव सगळ्यांना हवा असतो. जातीची उतरंड मोडणे मात्र नको असते. या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. आपण नाही दिले तरी चित्रपट होणारच, असा हिशेब ज्याला त्याला करता आला असता. दुधाची सोसायटी रोज सकाळ-संध्याकाळ जमत असल्यानेच हे साधले असावे : विश्वासाची सवय आधी पडली होती, वर्गणी नंतर आली.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. या गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गाव स्वतःचा बांबू विकू लागले.

आज महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो भूजलाबाबत. जमीन ज्याची, खालचे पाणीही त्याचे, असे कायद्याने दीर्घकाळ मानले. पाणी मात्र बांधापाशी थांबत नाही. म्हणून शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतली की आपण तीनशे घ्यायची, ही हार्डिनच्या कुरणासारखी शर्यत लागते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या आणि पावसाच्या मोजमापावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. ऑस्ट्रॉम यांचा 1965 चा प्रबंधही भूजलावरच होता : लॉस एंजेलिसजवळ अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरू लागले, तेव्हा उपसा करणाऱ्यांनी एकत्र येऊन, न्यायालयाच्या साक्षीने आपापल्या वाट्याला कात्री लावून घेतली.