शिळी होणारी रात्र

गुरुवारी सकाळी सात वाजता मावशीचा फोन आला. “अरे, ह्याने आजच्या रात्रीचा भाव सातशे रुपयांनी उतरवला. विचारलं नाही, सांगितलं नाही!”

‘ह्याने’ म्हणजे भाव ठरवणाऱ्या साधनाने. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागे मावशीचं जुनं घर आहे. वरच्या मजल्याला वेगळा जिना, म्हणून ती तो दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्यांना देते. मुलाला विद्यापीठात सोडायला आलेले आईबाप, लग्नाचं वऱ्हाड, केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा बघायला निघालेली कुटुंबं. मजला एअरबीएनबीवर, म्हणजे घरं-खोल्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याच्या ऑनलाइन मंचावर आहे आणि रोजचा भाव लावायचं काम तिने माझ्याच आग्रहावरून एका स्वयंचलित साधनाकडे सोपवलंय. त्यामुळे तक्रारीचे फोन मला.

मावशीचं निदान असं, की ते घाबरलं. खोली रिकामी राहणार म्हणून त्याने हातपाय गाळले. मामाचं निदान एक पायरी पुढचं. फोन आपलं बोलणं ऐकतो. परवा जेवताना मावशी ‘ह्या आठवड्यात कुणी नाही वाटतं’ म्हणाली, ते त्याने ऐकलं. (शनीची साडेसातीही मामा ह्याच खात्रीने सांगतो.)

हा भाव उतरवायला ना घाबरायला लागतं, ना चोरून ऐकायला. मुक्कामाला किती दिवस उरले आणि रोज किती लोक विचारतात, एवढं कळलं तरी पुरतं.

खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारात सकाळी नऊला मेथी घ्यायला जा. जुडीमागे दोन रुपये कमी करा म्हटलं तर बाई तुमच्याकडे बघतही नाही. संध्याकाळी साडेसातला तीच बाई स्वतःहून ‘दोन घ्या, एकीचे द्या’ म्हणते. मेथी सुकलेली असते हे खरं, पण मुद्दा तेवढाच नाही. सकाळी तुम्हाला नकार दिला तर मागून पन्नास गिऱ्हाइकं येणार असतात. साडेसातला मागे कुणीच नसतं. नकार देणं सकाळी परवडतं, संध्याकाळी परवडत नाही. मावशीची गुरुवारची रात्र मेथीपेक्षा नाजूक. मेथी फ्रीजमध्ये टाकून उद्या तिचे ठेपले तरी होतात. गुरुवारची रात्र शुक्रवारी सकाळी कुणी फुकटही घेत नाही.

आता पेन्सिल घ्या, कारण ह्यापुढचं गणित मला फार आवडतं. समजा रोज एकच माणूस खोलीची चौकशी करतो. प्रत्येकाच्या मनात एक कमाल आकडा असतो, तो शून्य ते ६,००० रुपयांच्या दरम्यान कुठेही सारख्याच शक्यतेने पडतो. तुमचा भाव त्या आकड्याच्या आत असला तर तो खोली घेतो, नाहीतर निघून जातो. भाव काय लावायचा?

हे गणित सोडवायची युक्ती म्हणजे शेवटाकडून सुरुवात करायची. शेवटच्या दिवशी, उद्या काही मिळण्याची आशाच नसताना, ३,००० हा सर्वांत फायद्याचा भाव. निम्मे लोक हो म्हणतील, म्हणजे सरासरी १,५०० पदरात. ४,००० लावले तर तिघांतला एकच घेईल, सरासरी १,३३३. २,००० लावले तर तिघांतले दोघे घेतील, तरी सरासरी १,३३३च.

आता एक दिवस मागे या. आजचा माणूस नाही म्हणाला तरी उद्याचे सरासरी १,५०० तुमच्या खिशात आहेतच. मग स्वस्तात कशाला द्यायची? हिशोब केला की सुटसुटीत नियम निघतो : ६,००० आणि ‘उद्याची किंमत’ यांचा बरोबर मध्य. म्हणजे ३,७५०. ह्या भावाला शंभरातले साडेसदतीस लोक घेतात. त्यांचे पैसे आणि उरलेल्या साडेबासष्टांच्या वाट्याचे उद्याचे १,५०० मिळवले, की दोन दिवस हाती असलेल्या रात्रीची किंमत सुमारे २,३४४ येते. तिसऱ्या दिवसासाठी पुन्हा मध्य : ६,००० आणि २,३४४ चा, ४,१७२. तसंच मागे जात राहिलं की चौथ्याला ४,४५० आणि पाचव्याला ४,६५०.

हीच यादी आता सुलट वाचा. पाच दिवस आधी ४,६५०, मग ४,४५०, ४,१७२, ३,७५० आणि शेवटी ३,०००. आधी दोनशेची पायरी, मग पावणेतीनशेच्या आसपास, मग सव्वाचारशेच्या जवळ, आणि शेवटची एकदम साडेसातशेची. घसरण शेवटाकडे तीव्र होत जाते. मावशीला दिसली ती हीच शेवटची पायरी. (तिचे सातशे आणि माझे साडेसातशे इतके जवळ आले हा योगायोग, आकडे मी सोयीचे घेतलेत. खऱ्या साधनात विचारणाऱ्यांची संख्या रोज बदलते. पण जिन्याचा आकार असाच.)

शेवटाकडून मागे येण्याच्या ह्या रीतीला रिचर्ड बेलमन या अमेरिकी गणितीने १९५० च्या दशकात पक्कं रूप दिलं आणि ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ हे नाव ठेवलं. धंद्यात हाच विचार विमानांच्या वाटेने आला. १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी नियम मांडला : स्वस्त तिकीट तोवरच विका, जोवर त्याचे पैसे त्या जागेसाठी मागाहून येऊ शकणाऱ्या महाग प्रवाशाच्या ‘सरासरी’ पैशांहून कमी पडत नाहीत. मेथीवालीला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की तिच्यापुढे एक टोपली असते आणि साधनापुढे पुढच्या वर्षभराच्या ३६५ रात्री.

ह्या जिन्यातून आणखी एक मजा निघते. रोज एकाऐवजी पाच जण विचारायला लागले तर? मग पाच पायऱ्या एकाच दिवसात मावतात. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा पहिल्या माणसाला ४,६५० सांगायला हरकत नाही. गणिताच्या नजरेतून गर्दी म्हणजे हातातली जास्तीची मुदतच. नवरात्रात बडोद्यातले भाव शेवटपर्यंत का उतरत नाहीत, याचं उत्तर हेच. त्यात हावरेपणा नसतो असं मी म्हणत नाही.

पण ते ६,००० आले कुठून? लोकांच्या मनातला आकडा कुणी सांगत नाही. मावशीची एक रात्र एकदाच विकली जाते, आणि ती ३,२०० ला गेली तर ३,६०० ला गेली असती का, हे कधीच कळत नाही. एअरबीएनबीच्या अभियंत्यांनी २०१८ साली आपली पद्धत जाहीर केली, तीत ह्या अडचणीवरचा तोडगा आहे. रात्र विकली गेली असेल, तर सुचवलेला भाव विकल्या गेलेल्या भावाच्या खाली असणं ही चूक. विकली गेली नसेल, तर लावलेल्या भावाच्या वर असणं ही चूक. अशा लाखो चुका कमी करत करत साधन शिकतं. गणिती शुद्धतेपेक्षा हा प्रकार व्यवहारी दुकानदाराच्या जास्त जवळचा आहे.

इथे मावशीने विचारलेला एक प्रश्न मला निरुत्तर करून गेला. “चादरी धुणार मी. त्याला काय?” बाई बरोबर होती. एक पाहुणा आला की धुणं, झाडलोट, वीज मिळून समजा ८०० खर्च होतात. मंच आपला वाटा भाड्याच्या टक्क्यात घेतो, धुण्याशी त्याचा संबंध नाही. वरच्याच गणितात शेवटच्या दिवशी जास्तीत जास्त भाडं ३,००० ला मिळतं, पण खर्च वजा जाता जास्तीत जास्त शिल्लक ३,४०० ला राहते. मंचाची सोय आणि मालकिणीची सोय यांत ४०० रुपयांचं अंतर आहे, आणि त्यात कुणाची लबाडी नाही. एअरबीएनबीचं स्वतःचं ‘स्मार्ट प्रायसिंग’ असो की प्राइसलॅब्ससारखं बाहेरचं साधन असो, त्यात किमान भावाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवायचा नाही.

अर्थात ३,००० ला मावशीच्या हाती सरासरी १,१०० उरतात, ३,४०० ला १,१२७. फरक सत्तावीस रुपयांचा! भाव वाढवत नेला की शिल्लक टेकडीसारखी आधी चढते, मग उतरते, आणि टेकडीचा माथा सपाट असतो. माथ्याच्या आसपास कुठेही उभं राहिलात तरी उंची जवळपास तीच. पार पायथ्याशी, म्हणजे १,५०० ला, मात्र हाती ५२५ च. म्हणून ‘एआय लावा, उत्पन्न दुप्पट करा’ अशी जाहिरात दिसली की समजावं, ती पायथ्याशी बसलेल्यांसाठी आहे. ज्याला आपल्या गल्लीचा भाव मुळात ठाऊक आहे, त्याचं दुप्पट होणार नाही.

आणि खरा घोटाळा झाला तो वेगळाच. २०२५ साली आमच्या साधनाने ३ ऑक्टोबरपासून पुढे भाव चढवून ठेवले, आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा नेहमीच्या भावात सोडला. सुरतेच्या एका कुटुंबाने ऑगस्टमध्येच तो उचलला. मावशी गरब्याच्या रात्री वरच्या मजल्यावरचे हसण्याचे आवाज ऐकत हिशोब करत बसली. २०२४ चं नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं होतं. २०२५ चं बसलं २२ सप्टेंबरला. ३ ऑक्टोबर उजाडला तेव्हा दसरासुद्धा होऊन गेला होता. साधनाने तारीख लक्षात ठेवली होती, तिथी नव्हे.

बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडं. म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून गाडी रुळावर आणली जाते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे नवरात्र एकोणीस दिवस पुढे, ११ ऑक्टोबरला. भिंतीवरच्या कॅलेंडरात हे वर्षभर आधी छापलेलं असतं.

त्याच पानावर लग्नाचे मुहूर्तही असतात. मुहूर्ताने संसार सुखाचा होतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवशी वऱ्हाडाला खोली लागते यावर पूर्ण आहे, आणि अधिक मासात ती लागत नाही यावरही. ग्रहांनी काही करो न करो, माणसं त्या तारखेला गाडीत बसतात, आणि साधनाला तेवढंच हवं असतं.

मावशीने आता दिवाणखान्यातलं कॅलेंडर उतरवून जिन्याच्या दाराशी टांगलंय. नवरात्राच्या रात्रींवर लाल पेनाने गोल आहेत. तेवढ्या रात्रींचे भाव तिने स्वतः टाकले आणि बदल करायची परवानगी काढून घेतली. बाकीच्या रात्री त्याच्या. गुरुवारची ती खोली दुपारी चारला गेली, उतरलेल्या भावात. मावशीने ते सांगायला फोन केला नाही, मीच विचारलं तेव्हा म्हणाली, “गेली. चादरी वाळत घातल्यात.”