मेंडोलिनचा पिक: पिसापासून कासवाच्या पाठीपर्यंत आणि तिथून पुढे

गिटारचा पातळ पिक (तारा छेडायची छोटी चपटी पट्टी) मेंडोलिनवर मारून बघितलाय का? सूर यायच्या आधी टिक् असा प्लास्टिकचा आवाज येतो आणि मागून सूर येतो तो पण किडकिडीत. मी सुरुवातीचे कित्येक महिने असंच वाजवत होते आणि दोष हाताचाच आहे असं धरून चालले होते. खरं कारण पिकात होतं. मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि वाजणारी लांबी जेमतेम ३५ सेंमी (गिटारची ६४-६५ च्या आसपास), त्यामुळे तारा बोटाला एकदम ताठ लागतात. त्यात एका फटक्यात जोडीतल्या दोन्ही तारा वाजल्या पाहिजेत. वाकणारा पिक काय करतो, पहिल्या तारेशी अडतो, वाकतो, आणि दुसरीवर उरल्यासुरल्या जोरानं घसरतो. शिवाय सूर पटकन विरतो म्हणून तो लांबवायला ट्रेमोलो करावा लागतो, खाली-वर खाली-वर सतत, म्हणजे ही गडबड सेकंदाला दहा-बारा वेळा होते!

तर कुठला पिक बरोबर हा प्रश्न काही आजचा नाही. आणि मला वाटतं दरवेळी तो उभा राहिलाय तो तारांमुळे.

१८व्या शतकाच्या मध्यात नेपल्समध्ये आजच्या मेंडोलिनचा पूर्वज तयार झाला, पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी गोल, आणि बनवणाऱ्यांत विनाच्चा घराण्याचं नाव सगळ्यात मोठं. तेव्हा सगळ्यात वरच्या सुराची जोडी आतड्याच्या तातीची असायची, धातूच्या तारा होत्या त्याही आजच्या मानानं मऊ. अशा तारांना पक्ष्याच्या पिसाचा दांडा पुरायचा, तो तासून टोक काढायचं आणि वाजवायचं. हे वाद्य पॅरिसमध्ये फॅशनमध्ये आलं, तिथे १७६८ साली गाब्रिएल लिओनेनं व्हायोलिनवाल्यांना मेंडोलिन शिकवणारं पुस्तक काढलं, तो काळ पिसाचाच. पीस हलकं, लवचिक, आणि झिजलं की परत तासायचं.

मग पोलादी तारा आल्या. याचं श्रेय साधारणपणे पास्क्वाले विनाच्चाला देतात, साल १८३५. आवाज मोठा झाला, ताण वाढला, तारा घट्ट धरायला दातेरी चाकांच्या खुंट्या आल्या आणि पिसाचा टिकाव लागेना. त्याची जागा घेतली कासवाच्या कवचानं, म्हणजे समुद्रातल्या हॉक्सबिल कासवाच्या पाठीवरचे पिवळे-तपकिरी पातळ पत्रे. जुन्या गोलपाठी मेंडोलिनवर तारांच्या खाली लाकडात बसवलेला एक गडद तुकडा दिसतो ना, तो पण बऱ्याचदा याच कवचाचा, पिकाच्या ओरखड्यांपासून लाकूड वाचवायला.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. पिसाचा दांडा, कासवाचं कवच आणि आपलं नख, तिन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचं. म्हणजे वाद्य बदललं, तारा बदलल्या, तरी शंभर-दीडशे वर्षं तारेला लागणारा पदार्थ जवळजवळ तोच राहिला. कवचाची कड पॉलिश केली की तारेवरून न अडता सरकते आणि तो टिक् आवाज येतच नाही. सगळ्यांच्या कानात चांगला सूर म्हणून बसलाय तो हा, आणि नंतरचे बहुतेक पिक त्याचीच नक्कल करत आलेत.

पहिली मोठी नक्कल सेल्युलॉइडची. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटनं ते बिलियर्डच्या चेंडूंसाठी, हस्तिदंताला पर्याय म्हणून आणलं होतं. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'अँड्रियाच्या हाती सेल्युलॉइडची शीट आणि बदामाच्या आकाराचा डाय, म्हणजे तुकडे कापायचा साचा, लागला, आणि पडलेले छोटे बदामी तुकडे बघून त्याच्या मुलाला कवचाचे मेंडोलिन पिक आठवले अशी गोष्ट त्या कंपनीबद्दल सांगतात. म्हणजे आज गिटारवाले जो पिक वापरतात त्याच्या मुळाशी पण मेंडोलिनच! त्यावरची तपकिरी नक्षीसुद्धा कासवाचीच. जुना सेल्युलॉइड पिक अंगठ्यानं जोरात घासून वास घ्या, कापराचा येतो, कारण कापूर त्यात खरंच घालतात. वाईट गोष्टी दोन, भराभर झिजतो आणि पेट फार पटकन घेतो.

त्याच १९२२ मध्ये गिब्सन या वाद्यं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत लॉइड लोअरचं एफ-५ हे मेंडोलिनचं मॉडेल आलं, पाठ गोल नाही, व्हायोलिनसारखी कोरलेली. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकाराचा जनक मानतात त्या बिल मन्रोकडे १९२३ चं होतं, आणि ब्लूग्रासमधला तो चॉप, म्हणजे ऑफबीटवर कॉर्ड मारून लगेच दाबून टाकायची, त्यात पिक वाकला की सगळा दम जातो. म्हणून तिकडे १ ते १.५ मिमी जाडीचे पिक चालतात, आणि खूप जण टोकानं वाजवतच नाहीत, पिक फिरवून गोल खांद्यानं वाजवतात. गोलपाठी वाद्यावर इटालियन ढंगाचं वाजवणारे मात्र टोकदार पिक धरतात. मला विचाराल तर नुसत्या जाडीवर वाद घालण्यात अर्थ नाही, टोकाचा आकार आणि कड कशी घासलीये यानं कितीतरी जास्त फरक पडतो.

कासवाचा अध्याय कायद्यानं संपला, आणि संपायलाच हवा होता. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स करार १९७३ मध्ये झाला, १९७५ पासून लागू झाला, हॉक्सबिलचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, जपाननं आयात १९९२ अखेर थांबवली. पिकासाठी मारायचं इतकं ते कासव उरलेलंच नाहीये.

मग शोध सुरू झाला पर्यायांचा. डनलॉप कंपनीचा टॉर्टेक्स पिक १९८१ चा, नावातच टॉरटॉइज दडलंय. कोणी दुधातल्या केसीनकडे गेलं, म्हणजे परत प्रथिनाकडेच. आणि अलीकडे ब्लू चिप कंपनीच्या पिकांसारखे पिक, विमानाच्या इंजिनातल्या भागांसाठी वापरतात त्या पॉलिइमाइड प्लास्टिकचे. मेंडोलिनवादक क्रिस थिलीच्या नावाचा सीटी ५५ त्यातलाच, ५५ म्हणजे इंचाचे हजारावे भाग, साधारण १.४ मिमी. हे झिजतात फार कमी, त्यामुळे जी कड घेतली तीच वर्षानुवर्षं हातात राहते, सेल्युलॉइडसारखी आपल्या हातानं घासून आपल्याला हवी तशी होत नाही. म्हणून मी आधी साध्या जाड सेल्युलॉइडवर दोन-तीन महिने वाजवते, कुठला कोपरा झिजतोय ते बघते, आणि तसा आकार शोधते.