रस्त्यावरची रांगोळी सांगण्याआधी

आमचं काम टिकत नाही. ऑर्डर घेतानाच हे कानावर घालतो, तरी दुसऱ्या दिवशी फोन येतोच: ‘अहो, पुसली गेली!’

पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात घालतात तशी शिरगोळ्याची रांगोळी आम्हीही घालतो. पण हात बसलाय तो उरल्यासुरल्या मालावर. सुताराकडचा भुसा, चहाचा वाळवलेला चोथा, विटेची भुकटी, बाटल्यांची बुचं, दादरच्या फूलबाजारात उरलेला झेंडू.

त्यातला भुसा आमचा लाडका. खाण्याच्या रंगात रात्रभर भिजवून सावलीत वाळवतो आणि घालताना पुन्हा हलका ओलसर करतो. ओलसर भुसा एकमेकांना धरून बसतो. कोरडा घातला, तर समुद्राच्या वाऱ्याबरोबर मोराचा पिसारा थेट समोरच्या टपरीवरच्या चहात. डांबरावर रंग खुलतो. फिकट लादीवर मात्र डाग पडू शकतो, म्हणून तिथे आधी बिनरंगी भुशाचा थर देतो.

पांढरंशुभ्र दिसतं म्हणून काही जण जाड्या मिठाचा हट्ट धरतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं. एका गणपतीत आम्ही रात्री दोन वाजता मिठाचा हत्ती पुरा केला, आणि सकाळच्या आरतीला त्याची सोंड शेजारच्या दुकानाच्या पायरीपर्यंत ओघळलेली! चूक आमचीच. आता मीठ फक्त थंडीत आणि छपराखाली. झाडाच्या आळ्याजवळ तर नाहीच.

तांदूळ-डाळी वापरत नाही. उजाडायच्या आत कबुतरं फस्त करतात, आणि अन्नावर पाय पडलेला आम्हालाच बघवत नाही.

भिंतीवरही काम होतं: काळवंडलेल्या भिंतीवर स्टेन्सिल धरून ब्रश-पाण्याने मळ काढायचा, धुतलेला भाग हेच चित्र. रंगाचा थेंबही लागत नाही. तरी मालकाचं लेखी पत्र हवंच. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा १९९५चा कायदा आहे, आणि ‘आम्ही तर धुतली’ हे चौकीत कितपत चालेल, ते आजमावायची हौस नाही. रस्त्यावरच्या कामासाठी वॉर्ड ऑफिस आणि वाहतूक पोलिसांची परवानगी तुम्ही काढायची.

दहा बाय दहा फुटांना तिघांना साधारण चार तास लागतात. फोटो सकाळीच काढून घ्या, उन्हं चढली की झेंडू मलूल होतो.

आवराआवर आमची. भुसा गोणीत भरून नेतो, गटारात लोटत नाही. फुलं सोसायटीच्या खतखड्ड्यात. बुचं मोजून परत नेतो. पोरांनी चार खिशात घातली तर हरकत नाही.