बेळगाव भागात स्वसंरक्षणासाठी बंदुकीचं लायसन: अर्ज कुठं द्यायचा, कुणाला मिळतं, कागद काय लागतात

आधी अर्ज कुठं द्यायचा ते बघू, कारण इथंच माणसं उगीच हेलपाटे मारतात. तुमचं पोलीस ठाणं बेळगाव शहर पोलीस कमिशनरच्या हाताखाली येत असेल, म्हणजे टिळकवाडी, शहापूर, कॅम्प, उद्यमबाग, काकती सुद्धा, तर लायसन कमिशनर ऑफिसकडून मिळतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणीकडचे असाल तर डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, कारण डीसी हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्येच तसं आहे, जिथं पोलीस कमिशनर नेमलाय तिथं जिल्हा मॅजिस्ट्रेटचा हा अधिकार त्याच्याकडं असतो.

पात्रता तशी सोपी आहे, वय २१ पूर्ण पाहिजे, मानसिक आजार नको, आणि मारामारी-हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगाची शिक्षा झाली असेल तर ती संपून ५ वर्षं गेलेली पाहिजेत. आपल्या भागातल्या पोरांनी एक गोष्ट नीट बघावी, शांतता राखण्याचा बॉण्ड कुणाकडून लिहून घेतला असेल तर त्या बॉण्डची मुदत संपेपर्यंत लायसन मिळत नाही. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात किंवा गावच्या भांडणात नावावर केस पडलेली असते आणि घरच्यांना पण माहीत नसतं, म्हणून अर्जाआधी ठाण्यात जाऊन खात्री करा आणि जे असेल ते अर्जात खरं लिहा, कारण पोलीस रिपोर्टमध्ये ते येणारच, आणि लपवलेलं सापडलं की मग तुमच्या बाकीच्या कागदांवर पण कोण विश्वास ठेवणार? जमीनजुमला नाही म्हणून लायसन नाकारता येत नाही हे पण लक्षात ठेवा, तसं कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारणाचा रकाना. बहुतेक जण तिथं ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतात आणि अर्ज तिथंच अडकतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे अधिकाऱ्याला बघायचं असतं की तुमच्या धंद्यामुळं, नोकरीमुळं किंवा दुसऱ्या कशामुळं जिवाला नाहीतर मालमत्तेला खरोखर धोका आहे का. मग तसं लिहा ना! घर मळ्यात आहे, शेजारचं घर लांब आहे, रात्री रोख रक्कम घेऊन यावं लागतं, मागं चोरी झाली, धमकी आली, आणि त्या प्रत्येकाला कागद जोडा, ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच, एफआयआरची कॉपी, व्यापाराचं लायसन, जमिनीचा आरटीसी उतारा (आपला सातबारा). धमकी आली तेव्हा ‘जाऊ दे’ म्हणून तक्रारच दिली नसेल तर आता नुसतं तोंडानं सांगून उपयोग होत नाही.

अर्ज फॉर्म ए-१ मध्ये असतो. त्याला पांढऱ्या बॅकग्राउंडचे ४ पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र, आणि हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. इन्कम टॅक्स रिटर्न पण बऱ्याचदा मागतात, असेल तर सोबत ठेवा. आपल्याकडं बऱ्याच जणांची शाळा कोल्हापूर नाहीतर चंदगडकडची, दाखला मराठीत, आणि ऑफिसचं काम कन्नडात चालतं, तेव्हा अशा कागदाचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून आधीच लावा म्हणजे फाईल त्या एका कारणावरून परत यायची नाही.

अर्ज गेला की ठाण्यातून चौकशी होते, घरी येतात, शेजारीपाजारी विचारतात, हत्यार कुठं ठेवणार ते बघतात. त्यावेळी भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट दाखवता आलं तर चांगलं. घरात लहान पोरं असतील तर गोळ्या आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात पाहिजेतच, यात तडजोड करू नका. पोलिसांनी ३० दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय, असं नियमात आहे. लायसन मिळालं की राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक नंबर मिळतो, तो नसलेलं लायसन चालत नाही. मुदत ५ वर्षं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं.

हत्यार कुठलं मागायचं? ९ एमएम पिस्तूल, .३०३ रायफल ही प्रतिबंधित बोअरमध्ये येतात (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप), त्याच्या नादाला लागू नका. घराच्या रक्षणासाठी १२ बोअरची बंदूक मागा असं माझं मत, कारण २० इंच किंवा जास्त नळीची, आतून गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी मागितली आणि नाकारायला कारण नसेल तर लायसन द्यावं असं कायदाच म्हणतो. .३२ रिव्हॉल्व्हर पण मिळू शकतं पण त्याला गरज जास्त पटवून द्यावी लागते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या लोकांसाठी वेगळी अट आहे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन लायसन द्यायचं तर चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनची आधी संमती लागते, वन्यजीव कायद्याचं कलम ३४. भीमगडच्या आसपासची गावं यात येतात, गोकाककडं घटप्रभा पक्षी अभयारण्याजवळची पण. आणि पिकाच्या राखणीसाठी लायसन मिळालं म्हणजे डुक्कर, गवा मारायची परवानगी मिळाली असं अजिबात नाही, तो वेगळा गुन्हा आहे.

‘कोडगूत लायसन लागत नाही मग आपल्याला का’ असं इथं कायम ऐकायला मिळतं. ती सूट फक्त कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनवाल्यांना (जम्मा म्हणजे तिथला जुना वंशपरंपरेचा जमीनहक्क) आहे, ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत, आपला त्याच्याशी संबंध नाही.

लायसन तुमच्या एकट्याच्या नावावर असतं, घराच्या नाही. बायकोला, भावाला, पोराला तीच बंदूक वापरता येत नाही, त्यांना हवी तर स्वतंत्र अर्ज. आजोबांची जुनी बंदूक घरात असेल आणि आजोबा वारले असतील तर ती माळ्यावर ठेवून गप्प बसू नका, ताबडतोब ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा करून पावती घ्या आणि मग वारस म्हणून अर्ज करा, बाकीच्या वारसांची ना हरकत घेऊन. लायसनदार हयात असेल तरी त्याचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असेल तर वारसाच्या नावावर करता येतं.

सीमेवर राहणाऱ्यांनी लायसनवरची हद्दीची ओळ बोटानं वाचून बघावी. तिथं फक्त कर्नाटक लिहिलं असेल तर गाडीत बंदूक ठेवून महाराष्ट्रात शिनोळीला गेलात किंवा कोगनोळी ओलांडून कागलला गेलात की तुम्ही लायसनबाहेर. शेत चंदगडात आणि घर बेळगावात असं असणाऱ्यांनी हे अर्जातच लिहून हद्द वाढवून मागावी. कायमचं तिकडं राहायला गेलात तर ३० दिवसांत नवीन ठिकाणच्या अधिकाऱ्याला कळवायचं. आणि लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर ते द्यावं लागतं. ऑर्डर हातात आल्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, म्हणून ऑर्डरवरची तारीख आणि ती तुम्हाला मिळाली ती तारीख, दोन्ही लिहून ठेवा.