छत उघडणारी चार सीटची जुनी गाडी रोजच्या वापरासाठी घेताना
आमच्या बडोद्यातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

हूड उघडणारी गाडी सेकंडहँड मिळतेय, सीट चार आहेत, रोज वापरली तर चालेल का? हा प्रश्न आमच्या गॅरेजमध्ये आता वारंवार येतो. विचारणाऱ्यांपैकी कोणी अकोट्याहून मकरपुरा जीआयडीसीत जाणारे असतात, कोणी अलकापुरीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई, तर कोणी मुलांना शाळेत सोडून पुढे कामाला जाणारे. आमचं उत्तर असं की चालेल, आणि वर्षानुवर्षं चालेल. मात्र आपल्या गावात अशी गाडी निवडताना इंजिनाच्या आधी पाणी तपासावं लागतं. पाणी गाडीत कधी शिरलं होतं का, आणि पुढे शिरलं तर बाहेर जायची वाट मोकळी आहे का, हे दोन प्रश्न आधी सोडवा. बाकीचं नंतर.

आम्ही गाड्या विकत नाही आणि विकणाऱ्याकडून कमिशनही घेत नाही. फक्त तपासतो आणि दुरुस्त करतो. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते मोकळेपणानं लिहिलं आहे.

पुराची गाडी कशी ओळखायची

२०१९ च्या जुलैअखेरचा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टातला विश्वामित्रीचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. फतेगंज, अकोटा, वडसर या भागांत तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच विम्यात निकाली निघाल्या, भंगाराच्या भावात विकल्या गेल्या, आणि काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. साध्या गाडीला पूर लागला तर नुकसान होतंच. बटणावर छत उघडणाऱ्या गाडीत मात्र छताचा हायड्रॉलिक पंप किंवा मोटर, त्याची कंट्रोल युनिटं आणि वायरिंग पाठीमागे, डिकीच्या आसपास खालच्या बाजूला असतं. ते एकदा चिखलाच्या पाण्यात बुडालं की काही काळ नीट चालूही शकतं, आणि मग ऐन पावसात छत अर्ध्यावर अडकतं.

पुरानंतरच्या दिवाळीच्या सुमारास एक कुटुंब अशीच एक गाडी आमच्याकडे घेऊन आलं होतं. रंग आरशासारखा, आत अत्तराचा दरवळ, सीटवर नवी कव्हरं. आम्ही मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. बाहेर दिसणारा पट्टा स्वच्छ होता, पण गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची रेघ होती. टोकन दिलेलं होतं, आणि ते परत मिळवताना त्यांना बराच मनस्ताप झाला. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, टोकन देण्याआधी बेल्ट ओढा. चारही. त्याला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही.

बेल्टनंतर पुढच्या सीटखाली हात घाला. सीटच्या पट्ट्यांवर आणि बोल्टवर गंज आहे का? मॅट उचलून कार्पेट तळहातानं जोरात दाबा, ओल वर येते का पाहा. डिकीतलं कार्पेट उचलून खालच्या खोलगट भागात गाळ साचलाय का, तेही बघा. सुगंध जास्त मारलेला असेल तर काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवायला सांगा आणि मग दार उघडा. कुबट वास अत्तराखाली लपत नाही.

छत, आणि छताखालच्या नळ्या

कापडी छताच्या कडेनं पन्हळ असते. त्यात पडलेलं पाणी बारीक रबरी नळ्यांतून गाडीच्या खाली जातं. त्या नळ्या तुंबल्या की पाणी कार्पेटमध्ये उतरतं. आपल्या गावाच्या नावातच वड आहे, आणि सोसायट्यांमध्ये कडुलिंब, आसोपालव, गुलमोहर भरपूर. कडुलिंबाची बारीक पानं आणि गुलमोहराच्या पाकळ्या या नळ्यांत अगदी घट्ट बसतात. वडाखाली गाडी उभी राहिली तर फळं खाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा कापडावर डाग पाडून जाते. छत गळतंय अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत कापडाचा दोष आम्हाला क्वचितच सापडला आहे. बहुतेक वेळा नळी तुंबलेली असते किंवा बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, सुकून कडक झालेलं असतं.

म्हणून बघायला गेलात की विकणाऱ्याला बागेतल्या पाइपानं बंद छतावर दहा मिनिटं पाणी सोडायला सांगा. धार पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर, मग दारांच्या काचांच्या रेषेवर, मग पाठीमागे. तुम्ही आत बसा आणि बीडिंगच्या कडेनं टिश्यू फिरवा. बाहेर दुसऱ्या माणसाला चाकांजवळ खाली बघायला सांगा, पाणी दोन्ही बाजूंनी खाली पडलं पाहिजे. या चाचणीला जो विकणारा तयार होत नाही, त्याच्या गाडीचा विचार सोडून द्या.

छत बटणावर चालणारं असेल तर मग ते चालवून बघा. इंजिन चालू ठेवून, लागोपाठ तीनदा. ऑडी ए३ कॅब्रिओलेचं छत कंपनीच्या आकड्यानुसार सुमारे १८ सेकंदांत उघडतं आणि ५० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही चालतं. सध्याच्या घडणीच्या मिनी कूपर कन्व्हर्टिबललाही १८ सेकंदच लागतात, पण वेगाची मर्यादा ३० आहे. मोबाईलवर वेळ लावा. पंचवीस-तीस सेकंद लागत असतील तर पंप किंवा मोटर थकलेली असू शकते, किंवा पंपाचं तेल कमी झालेलं असू शकतं. एक बाजू आधी आणि दुसरी मागून उचलली जात असेल, मोटरचा आवाज मध्येच बदलत असेल, डिकीच्या अस्तरावर तेलाचा डाग असेल, तर आमच्याकडे या किंवा कुठल्याही जाणकाराला दाखवा. बॅटरी कमजोर असली तरी छत अडकतं, तेव्हा घाबरण्याआधी बॅटरी मोजून घ्या.

एक गोष्ट आम्ही मनापासून सांगतो. घरात झाकून ठेवलेल्या आणि दिवाळी-दसऱ्याला काढलेल्या गाडीपेक्षा रोज चाललेली गाडी घ्या. छताच्या सांध्यांना, सीलना आणि बीडिंगला हालचाल लागते. सात वर्षांत १२ हजार किलोमीटर चाललेली गाडी ऐकायला छान वाटते, पण तिचे टायरही सात वर्षांचे असतात. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

छत नसलेल्या गाडीचा सांगाडा

पोलादी छत सांगाड्याला जो आधार देतं तो इथे नसतो, म्हणून कंपनी खालचा तळ आणि काचेची चौकट जास्त मजबूत करते. अपघातात हा भाग वाकला तर डेंटिंग-पेंटिंगवाला कितीही हुशार असो, गाडी पुन्हा पहिल्यासारखी सरळ होत नाही. खराब रस्त्यावर चाळीसच्या वेगानं चालवा. डॅशबोर्ड थोडा थरथरणं स्वाभाविक आहे. पण दाराच्या फटी खालीवर कमी-जास्त दिसत असतील किंवा एअरबॅगचा दिवा जळत राहत असेल तर थांबा. ऑडी आणि मिनीत मागच्या सीटमागे गाडी उलटताना क्षणात वर येणारे संरक्षक दांडे असतात. ते एअरबॅगच्याच यंत्रणेला जोडलेले असतात.

कोणती गाडी

परवडण्याजोगी आणि चार माणसांची निवड मोजकीच आहे.

आमचा पहिला कल महिंद्रा थारकडे, २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या घडणीच्या आणि उघडणाऱ्या हूडच्या मॉडेलकडे. चारही सीट समोर तोंड असलेल्या घ्या. सुरुवातीच्या काही गाड्यांत मागे आडवे बाक होते, रोजच्या कुटुंबासाठी ते नकोत. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, आणि कंपनीच्या आकड्यानुसार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. पावसाळ्यात हा आकडा काय सांगतो हे बडोदेकरांना समजावून सांगायला नको. हूड हातानं उघडायचं असल्यामुळे पंप नाही, मोटर नाही. सुटे भाग गावातच मिळतात. उणिवाही सांगतो. एक्स्प्रेस वेवर वाऱ्याचा आवाज फार, मागच्या प्लास्टिकच्या खिडक्या उन्हानं पिवळ्या पडतात, चढायला उंच. हूडच्या चेन आणि पट्ट्या स्वतः लावून बघा. आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग), मोठी चाकं, बाहेरचं वायरिंग केलेली गाडी आम्ही सुचवत नाही.

ज्यांना खरी मोटारीसारखी मोटार हवी त्यांनी ऑडी ए३ कॅब्रिओले बघावी, शक्यतो २०१७ नंतरची १.४ लिटर पेट्रोल. डिकी छत बंद असताना ३२० लिटर, म्हणजे दोन बॅगा नीट बसतात. हिच्यात काळजी एकच, पण मोठी आहे. ७ गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच्या मेकॅट्रॉनिक्सच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिटच्या, तक्रारी जगभर नोंदल्या गेल्या आहेत. मांडवीच्या गर्दीत पंधरा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत चालवा. झटके, कंप जाणवले किंवा पॅनलवर पान्याचं चिन्ह दिसलं तर किंमत कितीही उतरो, घेऊ नका.

मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल २०१६ नंतरची २ लिटरची घ्या, त्याआधीची १६०० सीसीची नको. त्या जुन्या गाडीत टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) गळती यांकडे सतत लक्ष द्यावं लागतं. २ लिटरवालीची डिकी २१५ लिटर, छत उघडल्यावर १६०. मागची सीट लहान मुलांपुरती. रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) असतील तर स्टेपनी नसते आणि बंपवर पाठीला जाणवतं.

मर्सिडीजची सी ३०० कॅब्रिओले सुंदर आहे, पण तिचा देखभालीचा खर्च गाडीच्या मूळ किमतीच्या हिशेबानं येतो, उतरलेल्या किमतीच्या नाही.

सीएनजी किट बसवता येईल का, हेही विचारलं जातं. नाही. टाकी ठेवायची जागा छतानं घेतलेली असते.

घरातल्या मोठ्यांना घेऊन जा

गाडी बघायला जाताना आई किंवा आजी सोबत असू द्या. या गाड्यांना दोनच दारं. साडी नेसून, गुडघे दुखत असताना, पुढची सीट वाकवून मागे जायचं आणि परत उतरायचं, हे एकदा प्रत्यक्ष करून बघू द्या. छत बंद करून त्यांना दहा मिनिटं मागे बसू द्या. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून शेव-उसळ खायला जायचं स्वप्न इथेच ठरतं किंवा मोडतं.

ऊन, मांजा आणि वानरं

मेमध्ये दुपारी छत उघडून कोणी फिरत नाही. उघडं छत सकाळी नवाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, आणि नवरात्रात गरब्याहून परतताना. त्यामुळे एसी दुपारी दोन वाजता तपासा. पंचेचाळीस मिनिटं उन्हात उभी गाडी किती वेळात गार होते ते बघा. बीडिंगला वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्याआधी, सिलिकॉन ग्रीस लावा. त्याच वेळी नळ्या मोकळ्या करून घ्या.

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४-१५ जानेवारी, आणि त्याच्या आधीचा आठवडा छत बंदच ठेवा. मुलं मागे बसलेली असताना तर नक्कीच. काचेचा मांजा गळा कापतो, हे आपण दरवर्षी वाचतो. छतात अडकलेला दोरा ओढू नका, कापून काढा.

सोसायटीत वानरं येत असतील तर कापडी छताची गाडी झाडाखाली किंवा गॅलरीखाली उभी करू नका. पत्र्याच्या शेडखाली जागा मिळत नसेल, तर खरेदीचा विचार पुन्हा करा.

कागदपत्रं

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. अशा गाड्या बऱ्याचदा मुंबई किंवा दिल्ली पासिंगच्या असतात. तेव्हा फॉर्म २८ची एनओसी, आणि गाडी १२ महिन्यांहून अधिक इथे राहणार असेल तर जीजे-०६ खाली नवी नोंदणी आणि इथला टॅक्स. तो खर्च किमतीत धरा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. इंजिन प्रोटेक्टचं कलम (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं) नक्की घ्या, आणि छताचं कापड दाव्यात कशात धरणार हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. मागचे दावे पॉलिसी नंबरवरून विचारता येतात. ऑगस्ट २०२४ च्या आसपासचा मोठा दावा दिसला तर कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासणीला येताना

गाडी सकाळी थंड इंजिनावर आणा, रस्त्यात गरम होऊन आली तरी दोन तास उभी ठेवू. आदल्या दिवशी धुऊ नका. दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं, आरसी आणि चालू पॉलिसी सोबत ठेवा. तपासणीला साधारण दीड तास लागतो, त्यातली वीस मिनिटं फक्त पाण्याच्या पाइपाची. विकणाऱ्यालाही बरोबर आणलंत तर उत्तम, छताखाली काय आहे ते त्यांच्यासमोरच दाखवू.