क्रोन्सग्रस्त मुलांच्या आतड्यातले जिवाणू

क्रोन्स हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार मुलांना होतो तेव्हा तो पोटदुखी आणि जुलाबांवर थांबत नाही. भूक मंदावते, वजन घटतं, उंची खुंटते, वयात येणं लांबतं. म्हणूनच या मुलांचा आजार किती तीव्र आहे हे ठरवणाऱ्या ‘पीसीडीएआय’ या मोजमापात तक्रारी आणि रक्ततपासणीच्या जोडीला वजन-उंचीलाही गुण असतात.

या तीव्रतेचं आतड्यातल्या जिवाणूंशी नातं आहे का? २०१४ साली उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने याचा शोध घेतला. त्यात नुकतंच निदान झालेले ४४७ रुग्ण होते, बहुतेक लहान मुलं. नमुने उपचार सुरू होण्याआधीचे होते, आणि हीच या कामाची खरी ताकद. औषधं सुरू झाली की जिवाणूही बदलतात. मग आजाराचा परिणाम कोणता आणि औषधाचा कोणता, हे सांगता येत नाही.

ई. कोलाय ज्या कुळातला, ते एंटेरोबॅक्टेरिएसी कुळ आजारी मुलांमध्ये वाढलेलं होतं. तंतुमय अन्न आंबवून आतड्याच्या अस्तराला पोषक ब्युटिरेट पुरवणारे जिवाणू ज्या गटात येतात, तो क्लॉस्ट्रिडिएल्स गट रोडावला होता. हा असमतोल जितका जास्त, तितका आजारही जोरात. हे चित्र आतड्याच्या अस्तरातून घेतलेल्या तुकड्यांत स्पष्ट दिसलं, विष्ठेत मात्र पुसट. निदानाच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांमध्ये असमतोल आणखी वाढलेला होता. आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. पोटाचा क्षयरोग आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की अनेक रुग्णांना आधी क्षयाची औषधं दिली जातात, आणि त्यातलं रिफॅम्पिसिन हेही अँटिबायोटिकच.

पण जिवाणू बिघडले म्हणून आतडं सुजलं, की सुजलं म्हणून जिवाणू बिघडले? सुजलेल्या आतड्यात ऑक्सिजन पाझरतो. तो ई. कोलायला चालतो, ब्युटिरेट बनवणाऱ्यांना मारतो. म्हणजे सूज स्वतःच हा बदल घडवू शकते. कोडं आणखी अवघड होतं ते आहारोपचारामुळे. सहा ते आठ आठवडे बाकी सगळं बंद करून फक्त पोषक द्रव आहार दिला, की बहुसंख्य मुलांचा आजार शमतो. पण ग्लासगोच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा उपचारादरम्यान ‘चांगला’ मानला जाणारा फिकॅलीबॅक्टेरियम उलट घटलेला आढळला. मूल बरं होतंय आणि हितकर जिवाणू कमी होतायत! त्यामुळे एखादा ‘चांगला’ जिवाणू गोळीतून दिला की झालं, हा हिशेब मला पटत नाही.

जिवाणूंचा अधिक उपयोग कदाचित पुढचा धोका ओळखण्यात होईल. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ९१३ मुलांच्या अभ्यासात आतडं अरुंद होण्याच्या गुंतागुंतीशी रुमिनोकॉकसचा, तर आतड्याला आरपार छिद्र पडण्याशी व्हेइलोनेलाचा संबंध दिसला. लवकर सुरू केलेल्या अँटी-टीएनएफ औषधांनी (सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारी औषधं) छिद्रांचा धोका घटला. अरुंद होण्याचा मात्र नाही.