मर्केल पेशी कर्करोग आणि विषाणू

त्वचेच्या कर्करोगांचे मुख्य कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे असले, तरी मर्केल पेशी कर्करोग या दुर्मिळ पण झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारात विषाणूचा हात असल्याचे सबळ पुरावे आहेत. उतारवयात, बहुधा चेहऱ्यावर किंवा मानेवर येणारी ही लालसर-जांभळट, टणक गाठ सहसा दुखत नाही. त्यामुळे ती साधी पुळी समजली जाते आणि उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो.

अवयवरोपण झालेल्यांत व एड्सच्या रुग्णांत, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत, हा रोग अधिक आढळत असल्याने त्यामागे संसर्ग असावा अशी शंका होती. २००८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातील युआन चँग व पॅट्रिक मूर यांच्या गटाने गाठींतील जनुकीय संदेशांतून ओळखीचे मानवी संदेश संगणकाद्वारे वगळले, तेव्हा उरलेल्या अंशांतून पॉलिओमा या डीएनए विषाणूंच्या कुळातील एक नवा विषाणू हाती लागला. तपासलेल्या १० गाठींपैकी ८ गाठींत तो होता.

मात्र गाठीत विषाणू सापडला एवढ्यावरून तो कारण ठरत नाही. बहुतेक प्रौढांना या विषाणूचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि त्यांना काहीही होत नाही. निर्णायक ठरते ती त्याच्या डीएनएची जागा: एका रुग्णाच्या मूळ गाठीत आणि दूर पसरलेल्या गाठीतही तो मानवी डीएनएमध्ये नेमका त्याच ठिकाणी जोडलेला आढळतो. अर्थात विषाणू आधी शिरला, गाठ नंतर वाढली. शिवाय त्याचे 'मोठे टी' प्रथिन उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकातील बदलामुळे, अर्धवट राहिलेले असते. त्यामुळे विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, पण पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी प्रथिन निकामी करणारा भाग शाबूत राहतो. विषाणूच्या दृष्टीने हा अपघातच म्हणावा लागेल, कारण त्यात त्याचाही वंश खुंटतो. सुमारे २० टक्के गाठींत विषाणू नसतो. त्यांत अतिनील किरणांनी घडवलेली उत्परिवर्तने विपुल असतात.

त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींपासून होणाऱ्या स्क्वॅमस पेशी कर्करोगात पॅपिलोमा विषाणूंच्या (चामखीळ आणणाऱ्या विषाणूंच्या कुळातील) बीटा गटाची भूमिका इतकी स्पष्ट नाही. एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात या गटातील ५ व ८ क्रमांकाचे प्रकार उन्हाच्या जोडीने कर्करोग घडवतात. इतरांच्या गाठींत मात्र विषाणूचे अंश फार थोडे सापडतात. किरणांनी बिघडलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत तो सुरुवातीला अडथळा आणतो आणि गाठ वाढू लागल्यावर नाहीसा होतो, असा तर्क त्यासाठी मांडला जातो.